साबण वाळेपर्यंत

मंडळाने सिनेमा ठेवला होता मनामाच्या हॉलमध्ये,
काळापांढरा, माझ्या बापाहून दोन वर्षांनी मोठा.
तिकीट दोन दिनार.
सेक्रेटरी कर्णिकसाहेब माझ्याकडे कलप लावतात,
म्हणून मला फुकट,
मागच्या रांगेत, समोशांच्या टेबलाला लागून.

सिनेमात न्हावी संप करतात.
विधवांची डोकी भादरणार नाही म्हणतात
आणि एकामागून एक येऊन
घाटाच्या पायऱ्यांवर वस्तरे ठेवतात,
मिटलेले नव्हे, उघडे.
वरून ऊन. पाण्यावर तिरीप.
आलवणातली एक पोर खांबाआडून बघते
आणि हात नेते डोक्याकडे,
जिथे आता बोटभर उगवलंय.

दिवे लागल्यावर चर्चा झाली.
रेगेबाई म्हणाल्या, वस्तरा म्हणजे रूढी.
रिफायनरीतले तांबट म्हणाले, छे, वस्तरा म्हणजे सत्ता,
साल बघा ना सिनेमाचं, झेंडा नुकताच बदललेला.
कुणी म्हणालं, नदी म्हणजे इतिहास.
मी समोसा खाल्ला.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
नायकाने वस्तरा धरला होता पेनासारखा.
तसं धरलं की गाल कापतो, हमखास.
पण तिसऱ्या पायरीवर एक म्हातारा वाकतो,
चेहराही दिसत नाही ज्याचा,
त्याची करंगळी बघा, शेपटाच्या वळणावर टेकलेली.
ठेवण्याआधी तो पातं अंगठ्याने पुसतो.
हे काही दिग्दर्शकाने शिकवलेलं नाही.
तो आमच्यातला.
कुठल्या तरी गावातून धोकटीसकट उचलून आणलेला,
दिवसाचे दोन रुपये आणि जेवण.
त्याला काय म्हणायचं ते म्हणा.
त्याने पुसलं ते पातंच होतं.

आणि एवढं विचारलं असतं,
दुसऱ्या दिवशी त्या घरांत काय शिजलं?
नेमकं तिथेच गाणं सुरू होतं.

मुहर्रकच्या बाजारात आमचं दुकान, चार खुर्च्या.
मी, सियालकोटचा इल्यास, तंजावरचा षण्मुखन,
आणि तिलक, पोखऱ्याचा, अजून मिसरूडही नीट नसलेला.
तीन महिने पगार नव्हता.
संपाला चार भाषांत शब्द आहे आमच्यात.
चारींत आम्ही तो बोलत नाही.

शुक्रवारी, नमाजाआधी, मालक अबू राशीद
माझ्या खुर्चीत बसला.
मी फेस लावला. ब्लेड मोडून अर्धं नवं घातलं.
हात का थांबला ते सांगता येत नाही,
ठरवलेलं काहीच नव्हतं.
वस्तरा मी फळीवर ठेवला,
पावडरीच्या डब्याशेजारी, उघडा.
ठेवण्याआधी अंगठ्याने पुसला.
इल्यासने पाहिलं. त्याने मशीन बंद केलं.
मग षण्मुखनने. मग तिलकने, उगाच हसत.
एसीचं पाणी बादलीत पडतंय
हे पहिल्यांदाच ऐकू आलं त्या दुकानात.

अबू राशीदने आरशातून बघितलं,
गळ्याची शीर उघडी, गालभर फेस.
मला त्याचंच वाईट वाटलं.
बावीस वर्षं हा गाल माझ्या हाताखाली आहे,
डाव्या बाजूचा तीळ मी झोपेतही चुकवीन.
‘क्या मुश्किल?’ तो म्हणाला.
मी बोटं दाखवली. तीन.

साबण वाळू लागला,
आधी कडेने, मग तडकत, पापडासारखा.

मग बांग झाली.
मी पुन्हा फेस केला, कोमट पाण्याचा,
आणि दाढी पुरी केली. एक ओरखडा नाही.

संध्याकाळी एका महिन्याचे पैसे आले.
दोन राहिले.
तिलकला पुढच्या आठवड्यात घरी धाडलं,
सर्वांत नवा तो, म्हणून.
त्याचा कंगवा अजून माझ्याच खणात आहे.

महिनाअखेरीस कर्णिकसाहेब आले कलपाला.
टॉवेल बांधता बांधता म्हणाले,
‘काय मग, कळला का सिनेमा?’
चांगला होता, म्हटलं.
मान सरळ ठेवा.