एक काना

कर्वेनगर, मेसच्या वरची खोली, शुक्रवार.
वीस बाजूंचा फासा, गार भजी.
वहीत नवं पात्र: जुईली, धंदा चोरी,
डावा कान तुटका, उंचीची भीती.
सगळं भराभर. मग पहिलंच वाक्य:
मी भिंत चढले.

नेहमीचा फक्त एक काना गाळला होता,
तरी पेन जड झालं.
'बाईच का?' अन्वयनं विचारलं.
मागल्या खेपेला मी राक्षस झालो होतो,
तीन डोकी, शेपूट. तेव्हा नव्हतं विचारलं.

खालून मेसच्या काकू, कोल्हापूरच्या, ओरडल्या,
'दार ओढून घ्या रे पोरांनो, मी निघालो!'
कुणी मान वर केली नाही.

फासा टाकला. तीन.
मी पडले.
चांगलंच खरचटलं.