मोकळे तीन बाइट

पिंजरा सात. पाणी आठ अंश.
दहा मिनिटांनी पुन्हा: पिंजरा सात, पाणी आठ अंश.
तरी भोंगा वाजला
वेस्तमन्नाच्या धक्क्यावर, पहाटे पावणेचारला,
आणि मार्युन उठली, मोजे न घालताच बुटांत पाय कोंबून.

मासे ठीक होते.
काळ्या पाण्यात सॅमन जाळ्याच्या कडेकडेने
एकाच दिशेने फिरत होते, कुणी बजावल्यासारखे.
तापमापी ठीक. तार ठीक.
फक्त यंत्र म्हणत होतं: काहीतरी बदललंय.

शेडमध्ये तिने कॉफी ओतली, ती तशीच राहिली.
दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडून
एकेक बाइट चाचपत गेली,
मेंढीच्या लोकरीतून काडी काढावी तशी.

स्ट्रक्चर हानुसने लिहिलेलं, बावीस वर्षांपूर्वी.
आधी चार: पिंजऱ्याचा नंबर.
मग इंट: तापमान.
मग पुन्हा चार: धोक्याची खूण.
गंमत अशी, की ज्याचं नाव चार
तो एका बाइटात मावतो,
आणि चार बाइट लागतात ते इंटला.
एक, चार, एक. कुणीही सांगेल, सहा.
साइझऑफ सांगतो, बारा.

कारण इंटचा हट्ट.
चारच्या पाढ्यातच त्याचं पाऊल पडणार:
शून्यावर, चारवर, आठवर.
एकवर उतर म्हटलं तर नाही उतरणार.
मग कंपायलर कुणाला न विचारता
मध्ये तीन बाइट सोडून देतो.
त्यांना नाव नाही, प्रकार नाही.
कोड वरून खाली वाचा, खालून वर वाचा,
ती ओळ कुणी लिहिलेलीच नाही.

मोकळे म्हणजे रिकामे नव्हेत,
हे तिला ठाऊक होतं, परीक्षेपुरतं.

दुसऱ्या नोंदीत तिथे तीन शून्यं.
पहिल्या नोंदीत
एकसष्ट, सहा-ई, पंच्याहत्तर.
तिने बोटाने हवेत अक्षरं लिहिली. ए. एन. यू.
मग हसली, एकटीच, मोठ्याने.

यंत्र जागं होताना पडद्यावर लिहितं: हानुसकडून सुप्रभात.
त्याच जागेवर मागून नोंद येऊन बसली.
पिंजऱ्याच्या नंबराने त्याचं पहिलं अक्षर झाकलं,
तापमानाने शेवटचं,
मधली तीन पुसायची कुणाच्या लक्षात आली नाहीत.
गेल्या सोमवारी नवा कंपायलर घातला,
म्हणून जागा सरकली, म्हणून हे दिसलं.
आणि तुलना करणारं फंक्शन बिचारं भोळं,
त्याला आठ अंश कळत नाहीत,
ते टोकापासून टोकापर्यंत बाइटच मोजतं.

सहाला तिने फोन लावला.
मागे मेंढ्या ओरडत होत्या.
"तीन बाइटांत?" हानुस म्हणाला.
"मी तर एवढीही जागा मागितली नव्हती."
"आणि शेवटचे तीन कशाला? त्यांच्यापुढे तर कुणीच नाही."
"ॲरे आहे ना गं. पुढची नोंद येईल,
तिचा इंट चारवर नको पडायला?"
मग म्हणाला, "शून्यं भर आणि झोप,"
आणि फोन ठेवला, की मेंढीने ओढला.

तिने इंट वर आणला, दोन्ही चार खाली, लागून.
बारांचे आठ झाले.
शेवटी दोन बाइट उरलेच,
कितीही फिरवलं तरी.
नोंद भरण्याआधी सगळं शून्य करणारी ओळ तिने लिहिली,
वर टिप्पणी लिहिली, खोडली,
ती ओळ जरा वेळ न चालवता ठेवली.

बाहेर उजाडत होतं, म्हणजे धुकं पांढरं होत होतं.
धक्क्यावर दोन होड्या शेजारी शेजारी बांधलेल्या,
मध्ये जुनी टायरं, शेवाळलेली,
लाट आली की थोडी दबणारी.
त्यांतल्या एकात कुणाचा तरी हातमोजा अडकला होता.
मार्युनने तो काढला नाही.
आत येऊन एंटर दाबलं.