एकाच कोटातल्या तिघी

अर्ज येतात ते आधी माझ्या टेबलावर.
मी भोकं पाडते, दोरा ओवते, आवक-वहीत नंबर टाकते,
आणि वर नदीतला एक गोटा ठेवते,
पंख्याने उडू नयेत म्हणून.
सुरिनच्या या शाळेत एकवीस वर्षं माझं हेच चाललंय.

यंदा इंग्रजीच्या एका जागेला सत्तावीस अर्ज.
मुख्याध्यापक प्रसोंग म्हणाले, गोरे वर ठेव, उराय,
फाटकावरच्या फलकात चेहरा उठून दिसला पाहिजे.
ठेवले.
एकाला समुद्र जवळ हवा होता.
एकाने पगार वाचला आणि गप्प झाला.
एकाने फार सुरेख पत्र लिहिलं, मग व्हिएतनामला गेला.

असं करत करत आम्ही गठ्ठ्याच्या तळाशी आलो.
तिथे तिघीजणी, फिलिपिन्सच्या, इलोइलोच्या,
मार्चमध्येच पदवी हातात पडलेल्या.
तिघींच्या अंगात काळा कोट.
डाव्या कॉलरवर तोच पांढरा ठिपका,
दुसऱ्या बटणावर तीच चमक.
मला कळायला जरा वेळच लागला.
चेहरा आपला, कोट फोटोवाल्याचा,
कॉम्प्युटरवर चिकटवून मिळतो.
एकीचा तर हनुवटीखाली थोडा सरकलाही होता.

तिचीच फाइल मी वर काढली.
का, ते प्रसोंग सरांना सांगता आलं नसतं.

मुलाखत फोनवर. आवाज तुटत होता,
मागे कुणाचा तरी कोंबडा आरवत होता भर दुपारी.
सर म्हणाले, इंग्रजी तुमची मातृभाषा नाही.
पलीकडे थोडा वेळ नुसता कोंबडा.
मग ती म्हणाली,
तुमच्या वर्गात कुणाची आहे, सर?
मी पंख्याकडे बघत बसले.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
आणि जाहिरातीत तीस हजार बाट होते तिथे
अठरा सांगितले.
तिने एक रात्र मागून घेतली.
सकाळी हो आलं.
तो अठराचा आकडा टाइप मीच केला.

मग दीड महिना कागद.
पदवीचा दाखला आला लाल फीत लावून,
अगदी खरीखुरी फीत, रेशमाची, मेणाच्या ठशाखाली दाबलेली.
माझी आई रेशीम विणते. तिने बोटांत धरून पाहिली,
म्हणाली, रंग जाईल हिचा पहिल्या धुण्यात.

बसस्टँडवर मी गेले स्कूटर घेऊन, पहाटे पाचला.
जोवेलिन तुपास,
फोटोपेक्षा लहान, पायात चप्पल,
पोटाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल.
माझं इंग्रजी बेताचंच. विचारलं एवढंच:
कोट?
आधी तिला समजेना.
मग रस्त्यातच खाली बसून हसायला लागली,
हसता हसता डोळे पुसले, म्हणाली,
दुकानातच राहिला.

आमच्याकडे मास्तराला क्रू म्हणतात.
पोरांनी तिला क्रू जो केलं चार दिवसांत.
फलकावर मात तिचा फोटो अजून नाही,
तिथे यंदाही हत्तीच आहे.

परवा हजेरीपट शोधताना
तिने माझ्या टेबलावरचा गोटा उचलला.
खाली त्या दोन फायली. तीन महिन्यांनी फाडायच्या असतात,
मी फाडल्या नव्हत्या.
दायानच्या फोटोवर तिने बोट ठेवलं.
ही आता हाँगकाँगला असते.
शिकवते?
एकाच मुलाला, ती म्हणाली. त्याला आंघोळही घालते.
दुसरीबद्दल, मायरीनबद्दल, ती काही बोलली नाही.
घंटा झाली होती.

गोटा मी परत वर ठेवला.
पुढच्या वर्षी विज्ञानाची एक जागा निघेल म्हणतात,
नक्की काही नाही.