सैल कासरा

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात तेवीस वर्षं
दाव्याच्या गाठी सोडतोय, बांधतोय.
हाताला ताण कळतो.
म्हणून असेल,
भाच्यानं फोनवर ते हवाई बेटांवरचं वाजवणं ऐकवलं
आणि मी सुया उकळत ठेवून विसरलो.

तो म्हणाला, मामा, हे तिथले गुराखी वाजवायचे,
घोड्यावरून उतरल्यावर,
गिटारच्या तारा मुद्दाम सैल करून.
मुद्दाम!
आमच्याकडे सैल म्हणजे ढिसाळ.
सैल दावं, सैल जीभ, सैल कारभार.
महिनाभर तो एकच शब्द घेऊन हिंडलो,
मग अकरा हजार घेऊन लातूरला.

गंजगोलाईला सोळा रस्ते.
पंधरा चुकल्यावर
इलियासभाईंचं दुकान:
ताशे, बँडवाल्यांचे डगले, भात्याला ठिगळ लावलेली पेटी.

पहिली काढली ती काळी, चकचकीत,
कडेनं शिंपल्यांची नक्षी.
हाळीच्या बाजारात असल्या बैलाची शिंगं घासून तेल लावलेली असतात.
आम्ही आधी खूर बघतो.
गिटारच्या भोकाच्या कडेवर बोट ठेवून वाकून पाहिलं,
लाकडाच्या रेषा वरून आत उतरत नव्हत्या.
थरावर थर. प्लायवूड.
म्हटलं, ही वरातीत बडवायला ठीक,
हिला पोटातून बोलता येणार नाही.

दुसरी अख्ख्या फळीची. महाग.
मान डोळ्यापुढं धरली, बंदुकीसारखी सरळ.
तारांमध्ये जाड बोटांना ऐसपैस जागा.
सहावी उतरवली, पाचवी उतरवली, पहिली,
दोन-दोन घरं.
इलियासभाई धावत आले,
"क्या करते डाक्टर, सूर बिगडता ना!"
बिघडू द्या, म्हटलं, कुठवर बिघडतो ते तरी बघू.
जाड तार पट्ट्यांना घासून खरखरली,
फुप्फुस धरलेल्या गाईसारखी.
ते म्हणाले, जाड तारा चढवू, खुंटी उचलू.
मी नुसतं पाहिलं तिच्याकडं.
परक्या घरात आल्यासारखी होती.

तिसरी विकायला नव्हतीच.
डग्ग्याच्या खोळीमागं, भिंतीकडं तोंड करून.
"मे महिन्यात फुटली," म्हणाले,
"हवा सुकी. इथं लाकडालाही टँकर लागतो."
फळीवर करंगळीएवढी चीर,
आतून चिकटवलेली पट्टी, टाक्यासारखी.
असले टाके मी ओळखतो,
काही धरतात.

तीन तारा सैल केल्या.
काहीही न दाबता
अंगठा वरून खाली ओढला.

खालचा सूर उठला नाही, बसला.
गाय बसते तसा:
आधी पुढचे गुडघे,
मग मागचा सगळा भार,
मग एक लांब सुस्कारा.
तो संपेचना.
समोरच्या रसवंतीचे घुंगरू थांबले तरी चालूच.

इलियासभाईंचे वडील हाळीत बैलांचा सौदा करायचे,
हे मला तेव्हा कळलं
जेव्हा त्यांनी गिटार पुसायचा फडका
आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.
आत त्यांनी माझी चार बोटं धरली,
मी दोन सोडवली,
ते हसले, एक परत धरलं.
आकडा सांगणार नाही.
फडक्याखालचं फडक्याखाली.

एसटीत ती मांडीवर. अहमदपूरला कंडक्टरनं विचारलं,
हिचं तिकीट?

वाजवायला अजून येत नाही.
रात्री ओट्यावर नुसता अंगठा ओढतो,
बोटं भलतीकडंच पडतात,
शेजारचे चाकूरकर गुरुजी खिडकी लावून घेतात.
दवाखान्यात मात्र
गाठ आता एक बोट सैल ठेवतो.
कालच एक लाल कंधारी गोऱ्हा सुटून
थेट तहसीलच्या आवारात गेला.

रत्नमालेनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, कामून आणलं हे?
उत्तर सुचलं नाही.
नळाला आठव्या दिवशी पाणी येतं.
ती आधी माठ भरते, मग हंडे,
मग भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीतला
स्पंज ओला करून माझ्या हातात देते.
"घ्या," म्हणते, "तुमच्या कालवडीला."