पात्यातलं लोखंड

कचरूलालनं पहिला नमुना आणला
तो मिठाईच्या डब्यात, वर रबर लावून.
पिपल्याहानाच्या मैदानाचं गवत,
मशीनच्या पिशवीतून मूठभर उचललेलं.
"ताई, बीमार है," म्हणाला,
आणि डबा टेबलावर सरकवून
लेकराला डॉक्टरपुढं बसवल्यासारखा
स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.

इथं गवताचं काय करतात, सांगते.
सत्तर अंशांवर दोन दिवस वाळवतात.
ओव्हन उघडला की पहिल्या दिवशी
नुकत्या कापल्या हिरवळीचा वास,
दुसऱ्या दिवशी गोठ्याचा.
मग दळायचं, भट्टीत राख करायची,
राख आम्लात विरघळवायची
आणि उरेल त्याला ज्योतीपुढं उभं करून विचारायचं,
बोल, जिवंतपणी तुझ्यात काय काय होतं?

नत्र चार पूर्णांक नऊ. जरा जास्तच;
सेक्रेटरी दर सोमवारी युरिया टाकायला लावतात.
स्फुरद ठीक. पालाश काठावर.
लोह चारशे बारा.

पस्तीस ते शंभर असलं की पातं सुखी,
इथं चारशे बारा!
मी लिहिलं, लोह मुबलक.
सही, शिक्का, पावती.
कागद त्यानं घडी न घालता नेला
आणि आठ दिवसांनी तसाच परत आणला.
"मुबलक म्हणजे भरपूरच ना?"
खिशातून एक पातं काढून खिडकीत धरलं.
शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं,
रेघा आखलेल्या वहीसारखं.

मी पुस्तक उघडलं नाही.
त्याच्या बोटांवर तांबूस डाग होते.
मशीनचं पातं कधी बदललं?
"दो साल तो हुए होंगे."
आपल्या भाषेत दोघांनाही पातंच म्हणतात,
कापणाऱ्याला आणि कापलं जाणाऱ्याला.
मी एकाचा गंज मोजला,
वर बायपासची धूळ मोजली,
आणि नाव दुसऱ्याचं लिहिलं.

दुसरा नमुना त्यानं बायकोच्या कात्रीनं कापला.
ती ब्लाऊज शिवते,
कात्रीला कागदसुद्धा लावू देत नाही;
काय सांगून आणली, त्यालाच ठाऊक.
पाती मी तीनदा धुतली.
लोह सव्वीस.

मग मातीही मागवली.
काळी, आपली माळव्याची.
आम्लाचा थेंब पडला तशी फसफसून उठली.
एवढा चुना.
लोह तिच्यात ढिगानं आहे,
पण चुना त्याला मुठीत धरून बसतो,
मुळाच्या हाती लागू देत नाही.
ताट वाढलेलं, घास उतरत नाही.

"म्हणजे भूक नाही तिला?"
भूक आहे, कचरूलाल.
तिची भूक आजवर कुणी विचारली नाही, एवढंच.
हीच ती हरळी.
शेतात हिला शिव्या, गणपतीपुढं एकवीस जुड्या,
क्लबच्या बोर्डावर हिचं इंग्रजी नाव.
कुठंही उगवते, कशीही तगते,
म्हणून हिला काही लागत असेल
असं कोणी धरतच नाही.
तो हसला. कशाला, ते विचारलं नाही मी.

लोहाची फवारणी सांगितली, पानांवर, संध्याकाळी,
युरिया निम्मा.
सेक्रेटरींचा फोन आला, सामने तोंडावर आहेत,
युरियानं चार दिवसांत हिरवं दिसतं, बाई.
दिसतं, म्हटलं.

तिसऱ्या नमुन्यात लोह अठ्ठावन्न.
मशीनचं नवं पातं अजून मंजूर नाही;
कात्री तेवढी दर महिन्याला येते,
रुमालात गुंडाळून, अंधार पडायच्या आत परत जाते.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
तरी त्या जुन्या चारशे बाराच्या शेजारी
मी बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय,
हे मशीनचं.