चालायलंय की

रामुलू चिलवेरींच्या कारखान्यात, वरच्या माळ्यावर,
एक कॉम्प्युटर आहे टॉवेलखाली झाकलेला.
टॉवेल त्यांच्याच मागावरचा, सेकंडातला,
काठाला एक धागा सुटलेला.
बटण दाबलं की आधी तो खोकतो,
मग खाली अठरा मागांचा खडखडाट चालू असताना
पडद्यावर हिरवी टेकडी उगवते, वर निळं आभाळ.
एप्रिलात अक्कलकोट रोडला
एवढीच काय ती हिरवळ.

मी वर्षातून दोनदा येतो आणि तेच सांगतो.
मालक, याचा सपोर्ट संपून वर्षं झाली.
आता काही झालं तर कंपनी बघणार नाही.
ते चष्मा कपाळावर सारतात.
"कंपनी याआधी कधी आली होती ओ?
चहा तरी पिली का इथं?
चालायलंय की अजून."

दाराला कडी राहिली नाही असं समजा, मी म्हणतो.
ते मागची वायर दाखवतात,
उपटून खिळ्याला गुंडाळलेली.
"दारच काढलोय. कडी कशाला?"

मग मी मागच्या गल्लीतल्या गुर्रमांचं सांगतो.
पोराच्या पेन ड्राइव्हमधून आलं काहीतरी,
सकाळी सगळ्या फायलींना कुलूप
आणि पडद्यावर चिठ्ठी, डॉलरात पैसे मागणारी.
अकरा वर्षांची कमळं, हत्ती, वेलबुट्ट्या
एका रात्रीत गेल्या.
रामुलू शेंगा फोडता फोडता थांबतात.
मग पुन्हा फोडतात.

खरं दुखणं मला माहीत आहे.
डिझाइनचं सॉफ्टवेअर ज्या माणसानं दिलं
त्याचा फोन लागत नाही.
त्याची करंगळीएवढी चावी जिथं बसते
ते भोकच नव्या मशीनला नसतं.
एकदा मी नवं आणून ठेवलंही होतं शेजारी, ट्रायलला.
त्यानं त्यांचा मोर उघडला
तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.
रामुलू बराच वेळ बघत राहिले,
कापड उलटं करून बघावं तसे.

आज मात्र आपणहून बोलले.
"सिद्राम म्हेत्रे म्हणून होता आपल्याकडं.
जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा.
डोळे मिटून बोटानं वाचायचा डिझाइन.
हे आणलो तेव्हा मीच सांगितलो त्याला,
जमाना बदललाय, शिकून घे.
तर म्हणतो कसा, माझं चालायलंय की मालक."

खाली एका मागाचा धोटा अडकला,
कुणीतरी तेलुगूत शिवी हासडली,
खडखडाट एका मागानं कमी झाला.

"मग?"
"मग काय. जिन्यावर बसून राहिला दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी आला नाही."

मी डबा उघडला.
पंख्यावर बोटभर लव, गुलाबी, पांढरी, पोपटी,
सहा महिन्यांत विणलेल्या चादरींची.
ती ब्रशनं काढली.
मोर दोन ठिकाणी उतरवून ठेवला,
एक डिस्क त्यांच्या तिजोरीत, एक माझ्या पिशवीत.
याबद्दल दोघंही काही बोललो नाही.

दीडशे रुपये घेतले.
पावतीवर लिहिलं, पुढच्या वेळी मशीन बदलणे.
ते ती खिळ्याला टोचायला गेले
तेव्हा खालची पावती दिसली. तिच्यावरही तेच,
माझ्याच अक्षरात.
त्यांनी टॉवेल झटकला आणि झाकला,
कोपरे नीट ओढून.