शंभरातून अकरा

खोकं उघडलं तेव्हा सगळं तयारच होतं:
शंभर पत्ते, त्यांची एक राणी,
सगळ्यात वर एक चकाकता ड्रॅगन,
आणि नियमांचा कागद, जो कुणी वाचत नाही.
मी वाचला. गोरॉकहून डनूनला जाणाऱ्या फेरीबोटीवर,
चहाच्या काउंटरमागे,
समुद्र खवळलेला म्हणून गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा.

तीन शुक्रवार हरले.
हरण्याचं काही नाही,
पण हातात सात पत्ते धरून नुसतं बसायचं,
समोरच्या रूरीचं सैन्य उभं राहिलेलं
आणि माझी जमीन अजून आडवी.
या खेळात काही जमिनी आडव्याच येतात,
रात्रपाळी करून आल्यासारख्या.
एक फेरी पडून राहतात, मग उठतात.
तयार खोक्यात अशाच भरतात.
स्वस्त पडतात ना.

पाकिटावर लिहिलं: वीस पौंड.
वर एक पेनी नाही.

मग टेबलावर शंभरही जण मांडले
आणि एकेकाला विचारलं, बाबा रे, तू करतोस काय?
हा राक्षस सातव्या फेरीला उगवतो
आणि मांडवातल्या व्याह्यासारखा नुसता मिरवतो.
ही चेटकीण तिघींचं काम सांगते, एकीचंही करत नाही.
खोगीरभरती.
दहा जण बाजूला काढले.
बगळ्यापाशी हात थांबला.
दलदलीत एका पायावर उभा,
उपयोग शून्य,
पण चित्रकाराने त्याची मान काय काढली आहे!
राहू दे.

आर्चीचं दुकान गोदीच्या भिंतीला लागून.
जहाजं होती तोवर तो वेल्डिंग करायचा,
आता पत्ते विकतो, डोळे अजून बारीक करूनच बघतो.
म्हणाला, ड्रॅगन दे, चौदा देतो.
राक्षस सगळ्यांना हवे असतात, मॉर्व्हन.
जमीन कुणी मागत नाही.

पण ड्रॅगन एकटीचा नव्हता.
शोनाने त्याला तिच्या हेडबाईंचं नाव दिलं होतं.
नऊ वर्षांची पोर, घासाघीस करायला बसली:
हेडबाईंना विकायचं तर एक पौंड माझा.
दिला.
उरलेल्या तेरांत चार जमिनी आल्या,
चारही पायांवर उभ्या.

मग मागच्या भिंतीकडची खोकी.
कोणताही पत्ता दहा पेन्स.
दोन तास उकिडवी बसले,
बोटं काळी, गुडघे गेले,
हजारेक चेहरे उलटून सहा मिळाले.
आणि सातवा:
कोपरा दुमडलेला एक लोहार,
ज्याच्या कपाळावर निळ्या शाईत कुणीतरी लिहिलंय,
"ड्युगीचा आहे. हात लावू नका."
आर्ची म्हणाला, खराब झालाय, फुकट ने.
मी दहा पेन्स ठेवले.
ड्युगीचा आहे, फुकट कसा नेऊ?

चौथ्या शुक्रवारी दुसऱ्याच फेरीला
माझी जमीन उभी आली.
रूरीने फोनवरून मान वर केली.
तीन शुक्रवारांत पहिल्यांदा.
लोहाराने गठ्ठ्यात हात घालून हातोडा शोधला,
राणीच्या हाती दिला,
आणि टेबलाच्या त्या बाजूला
चारशे पौंडांचं सैन्य थोडं मागे सरलं.

हरलेच. रूरीचे तीन गुण उरले होते.
त्याने लोहार उचलून उजेडात धरला, वाचला,
हळूच जागेवर ठेवला
आणि विचारलं, ड्युगी कोण?
माहीत नाही.

रात्री हिशेब केला.
वीसांतले गेले सत्तर पेन्स.
एकोणीस पौंड तीस विजेच्या मीटरला जातील,
त्याला कसलाच पत्ता चालत नाही.
काढलेल्या दहांना शोनाने रबर लावलंय.
तिच्या नियमांत ते रोज जिंकतात,
चेटकीण सेनापती आहे.

बगळा अजून आत आहे.
काढायला हवा, मला कळतं.
शुक्रवारीही ऐन वेळी तोच हातात आला
आणि एका पायावर उभा राहिला.
बघू, पुढच्या पगाराला.